नकाशापुढचा माणूस

अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठ आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ यांनी मार्च २०१० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. दूरचित्रवाणीवर रोज हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या ५७१ निवेदकांना पृथ्वीच्या तापमानवाढीविषयी काय वाटते, हे तीत विचारले होते. तापमानवाढ घडत आहे असे म्हणणारे त्यांच्यात निम्म्याहून किंचित अधिक निघाले. ती मुख्यतः माणसाच्या करणीने होत आहे असे मानणारे एक-तृतीयांशसुद्धा नव्हते. आणि तापमानवाढ हे थोतांड आहे या विधानाला होकार देणारे चौथ्या हिश्शाहून अधिक भरले. त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत सामान्य नागरिकांना विचारले गेले, की या विषयात तुमचा विश्वास कोणावर? हवामान-निवेदकावर विश्वास ठेवतो असे सांगणारे ५६ टक्के निघाले. वृत्तपत्रे, बातम्यांच्या वाहिन्या आणि अल गोर यांच्यासारखे पुढारी यांच्या वाट्याला याहून पुष्कळच कमी विश्वास आला होता.

म्हणजे ज्याच्यावर लोकांचा भरवसा सर्वांत अधिक, त्याचा स्वतःचा भरवसा विज्ञानावर सर्वांत कमी, असा हा विचित्र योग होता. त्यानंतरच्या काळात चित्र बरेच पालटले आहे. तरीही मूळ प्रश्न जागेवरच आहे. तापमानवाढीसारख्या विषयात दूरचित्रवाणीवरील हवामान-निवेदकाचा शब्द प्रमाण मानावा काय? अमेरिकेत हा प्रश्न बहुधा त्या माणसाची पदवी, अभ्यास आणि प्रामाणिकपणा यांपुरताच चर्चिला जातो. तो माणूस कोणाच्या पगारावर आहे, त्याच्या हातातील आकडे कोठून येतात आणि त्याला गप्प बसवण्याची शक्ती कोणाकडे आहे, हे प्रश्न मात्र सहसा कडेला राहतात. प्रस्तुत विषयाचा गाभा तेथेच आहे.

प्रथम हा निवेदक कोण, ते पाहिले पाहिजे. अमेरिकेत प्रत्येक मोठ्या शहराला स्वतःची दूरचित्रवाणी केंद्रे आहेत आणि त्यांच्या संध्याकाळच्या बातम्यांत हवामान हा सर्वांत अधिक पाहिला जाणारा भाग असतो. तोच माणूस वीस-वीस वर्षे त्याच शहराला उद्या छत्री घ्यावी की नाही हे सांगतो. वादळाच्या रात्री तो तासन् तास पडद्यावर उभा असतो, आणि कोणत्या गल्लीतील लोकांनी तळघरात उतरावे हे नाव घेऊन सांगतो. अनेकांचे प्राण अशा रात्री वाचलेले आहेत. बहुतेक घरांत विज्ञानाशी संबंध असलेला असा हा एकच माणूस रोज येतो. विद्यापीठातील संशोधक तेथे कधीच पोचत नाही. तेव्हा लोकांचा विश्वास आंधळा आहे असे म्हणता येणार नाही. तो सवयीतून आणि अनुभवातून आलेला आहे. परंतु २०१० च्या सुमारास या निवेदकांपैकी हवामानशास्त्राची पदवी असलेले जेमतेम निम्मे होते. उरलेल्यांत पत्रकारितेतून आलेले होते, तसेच नुसत्या चांगल्या आवाजावर आलेलेही होते.

त्यांच्या अविश्वासाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जॉन कोलमन. शिक्षण पत्रकारितेचे, परंतु हवामान-निवेदनात त्यांचे कर्तृत्व मोठे. चोवीस तास केवळ हवामान दाखवणारी ‘द वेदर चॅनेल’ ही वाहिनी १९८२ मध्ये सुरू झाली, तिचे ते सहसंस्थापक. पुढे सॅन डिएगो येथील एका केंद्रावर निवेदन करीत असताना, २००७ मध्ये, त्यांनी तापमानवाढ ही इतिहासातील सर्वांत मोठी लबाडी असल्याचे लिहिले, आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ते या मताला चिकटून राहिले. त्यांचे लिखाण तापमानवाढ नाकारणाऱ्यांच्या वर्तुळात हातोहात फिरले. वेदर चॅनेल काढणारा माणूसच नाही म्हणतो आहे, या एका वाक्याने शेकडो शास्त्रीय निबंधांचे काम निकालात काढले.

कोलमन आणि त्यांच्यासारखे इतर यांना केवळ लबाड ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याने काही उलगडत नाही. त्यांच्या धंद्याचा अनुभवच त्यांना शंकेखोर बनवणारा होता. संगणकातील प्रतिकृती चार दिवसांनंतर कशा भरकटतात, हे त्यांनी रोज पाहिलेले असते. दोन आठवड्यांपलीकडील हवेचा नेमका अंदाज बांधता येत नाही; एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये ज्याचा पाया घातला त्या गणिताने ही मर्यादा दाखवून दिलेली आहे. मग पुढच्या महिन्यातील पाऊस ज्यांना सांगता येत नाही ते पन्नास वर्षांनंतरचे तापमान कसे सांगणार, असा सवाल हा माणूस करतो, आणि ऐकणाऱ्याला तो बिनतोड वाटतो.

तो बिनतोड नाही. सार्वजनिक रुग्णालयातील डॉक्टर समोरचा रोगी किती दिवस काढील हे नेमके सांगू शकत नाही. परंतु वस्तीतील सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू लागले तर पटकीने मरणारांची संख्या वाढेल, हे सांगायला त्याला कोणत्याही एका रोग्याचे भवितव्य ठाऊक असावे लागत नाही. हवेचा अंदाज हा त्या एका रोग्याचा प्रश्न आहे. तापमानवाढ हा त्या पाण्याचा प्रश्न आहे. शिवाय त्यासाठी संगणकाची वाट कोणी पाहिली नव्हती. कर्बवायू उष्णता अडवतो हे जॉन टिंडॉल यांनी १८५९ मध्ये प्रयोगाने दाखवले आणि हवेतील त्याचे प्रमाण वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचा पहिला हिशेब स्वान्ते आऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कागदावर मांडला.

मराठीत तर हा घोटाळा भाषेतच बसलेला आहे. शाळेच्या भूगोलात रोज बदलते ती ‘हवा’ आणि दीर्घकाळाची सरासरी ते ‘हवामान’ असा भेद शिकवला जातो. परंतु उद्याच्या पावसाची वार्ता देणारे खाते हवामान खातेच आणि त्याचा अंदाजही हवामानाचाच. त्यामुळे कालचा अंदाज चुकला म्हणून हवामान बदलाची सारी कथाच खोटी, असे पारावर कोणी म्हणाले तर त्याचा दोष केवळ त्याच्या अज्ञानाला देता येत नाही.

अमेरिकेतील निवेदकांच्या शंकेला आणखी एक अंग होते, आणि ते प्रतिष्ठेचे. अंदाज सांगणारा रोज लोकांसमोर परीक्षा देतो. चुकला तर दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात त्याची टिंगल होते. हवामान बदलाचा संशोधक मात्र विद्यापीठाच्या आवारात, मोठ्या पदव्यांच्या आड सुरक्षित. त्याने वरून उपदेश करावा आणि इतरांनी तो पोपटासारखा म्हणावा, हे या मंडळींना रुचले नाही. २००६ च्या अखेरीस वेदर चॅनेलवरील हवामानतज्ज्ञ हायडी कलन यांनी असे सुचवले, की तापमानवाढीचे मूलभूत विज्ञान ज्यांना सांगता येत नाही अशा निवेदकांना अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेने आपले मान्यतापत्र देऊ नये. विज्ञानाच्या बाजूने त्या योग्य होत्या. परंतु मान्यतापत्र म्हणजे नोकरीतील बढती, आणि ते काढून घेण्याची भाषा म्हणजे पोटावर पाय देण्याची भाषा. तिने कोणाचे मतपरिवर्तन झाल्याचे दिसले नाही. उलट अलाबामातील एका लोकप्रिय निवेदकाने त्यांना जाहीर उत्तर दिले आणि दोन तट अधिकच कडवे झाले.

जे धाकाने साधले नाही ते पुढे साध्या सहकार्याने साधले. साउथ कॅरोलायना हे अमेरिकेतील सनातनी वळणाच्या राज्यांपैकी एक. त्याच्या राजधानीत, कोलंबिया शहरात, जिम गँडी नावाचे ज्येष्ठ निवेदक होते. क्लायमेट सेंट्रल ही संस्था आणि जॉर्ज मेसन विद्यापीठ यांनी २०१० मध्ये त्यांच्याबरोबर एक प्रयोग सुरू केला. त्याला राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे, म्हणजे सरकारी, पैसे होते. संस्थेने त्या शहरापुरती माहिती आणि नकाशे तयार करून द्यायचे आणि गँडी यांनी ते आपल्या नेहमीच्या निवेदनात आपल्या शब्दांत सांगायचे. ध्रुवावरील अस्वले आणि वितळणारे हिमनग यांना फाटा मिळाला. परसातील जी विषारी वेल अंगाला लागली की खाज सुटते, ती हवेत कर्बवायू वाढल्यावर जोमाने वाढते आणि अधिक विषारी होते, असे एके दिवशी गँडी यांनी सांगितले. ही वेल तेथील प्रत्येक कुटुंबाच्या ओळखीची. वर्षभराने पाहणी झाली तेव्हा गँडी यांच्या प्रेक्षकांना शहरातील इतर केंद्रांच्या प्रेक्षकांपेक्षा हा विषय अधिक नीट समजला असल्याचे दिसून आले.

हाच उपक्रम पुढे देशभर पसरला आणि शेकडो निवेदक त्याचे साहित्य वापरू लागले. २०१७ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठाने पुन्हा विचारणा केली, तेव्हा हवामान बदल घडत आहे असे म्हणणारे निवेदक सुमारे ९५ टक्के झाले होते. अवघ्या सात वर्षांत एका व्यवसायाचे मत इतके पालटावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. राजकीय प्रचाराने ती घडली नाही, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. अध्यक्ष ओबामा यांनी मे २०१४ मध्ये काही निवडक निवेदकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून मुलाखती दिल्या, त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु निवेदकाच्या हाती त्याच्या गावचा आलेख देण्याने जे झाले, ते त्या बागेतील छायाचित्रांनी झाले असते असे वाटत नाही. चळवळीतील ज्या मंडळींना सभा भरवली की प्रबोधन झाले असे वाटते, त्यांनी या भागाकडे जरा थांबून पाहावे.

येथपर्यंतची कथा सुखान्त वाटते. ती तशी नाही, हे आयोवात दिसून आले. क्रिस ग्लॉनिंजर हे पदवीधर हवामानशास्त्रज्ञ २०२१ मध्ये तेथील डी मॉइन शहराच्या एका केंद्रावर मुख्य निवेदक म्हणून रुजू झाले आणि हवामान बदलाचा विषय नियमित मांडू लागले. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांना धमक्यांची पत्रे येऊ लागली. एकात त्यांच्या घराचा पत्ता विचारलेला होता. पत्रे पाठवणारा सापडला, त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला १५० डॉलर दंड झाला. ग्लॉनिंजर यांच्या मनावर मात्र त्या प्रकाराचा खोल आघात झाला आणि जून २०२३ मध्ये त्यांनी केंद्र सोडत असल्याचे जाहीर केले. वरिष्ठांनी सूर जरा खाली आणण्यास सुचवले होते, असेही त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. आयोवा हे राज्य आपली निम्म्याहून अधिक वीज पवनचक्क्यांपासून मिळवते आणि त्या चक्क्यांचे भाडे तेथील शेतकऱ्यांच्या खिशात जाते. तेथील लोकांना या विषयाचे वावडे असण्याचे आर्थिक कारण दिसत नाही. तरीही एक माणूस पत्रे लिहीत राहिला, आणि सर्वांत विश्वासू समजल्या जाणाऱ्या आवाजाला गाव सोडावे लागले.

फ्लॉरिडात त्याच्याही पुढचा प्रकार घडला आणि तेथे पत्रे लिहिणाऱ्या वेड्यांची गरज पडली नाही. मायामी परिसरात शेतात, रोपवाटिकांत आणि बांधकामांवर उघड्यावर राबणारे मजूर फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील पुष्कळसे मध्य अमेरिकेतून आलेले. ‘वुईकाउंट’ या त्यांच्या संघटनेने उष्म्यापासून संरक्षणाची मागणी लावून धरली आणि मायामी-डेड परगण्यात तसा नियम करण्याचा प्रस्ताव आला. एप्रिल २०२४ मध्ये राज्यपाल डिसँटिस यांनी एका कायद्यावर सही केली. त्याने फ्लॉरिडातील कोणत्याही नगरपालिकेला वा परगण्याला मालकांवर असे संरक्षणाचे नियम लादण्याची बंदी झाली. त्यानंतर महिनाभराने, मे २०२४ मध्ये, त्यांनी दुसऱ्या कायद्यावर सही केली. त्याने राज्याच्या ऊर्जाविषयक कायद्यांतील हवामान बदलाचे बहुतेक उल्लेख पुसून टाकले आणि किनाऱ्यालगत समुद्रात पवनचक्क्या उभारण्यास मनाई केली. दोन्ही कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. मजुराला सावली देण्याची सक्ती नको आणि ऊन का वाढले याचा उच्चारही नको, अशी ही जोडी होती.

मायामीच्या एका केंद्रावरील निवेदक स्टीव्ह मॅक्लॉक्लिन यांनी या दुसऱ्या कायद्याविषयी नकाशापुढे उभे राहून स्पष्ट शब्दांत सांगितले. फ्लॉरिडात विक्रमी उष्मा, विक्रमी पूर आणि परवडेनासा झालेला घरांचा विमा असताना सरकार या विषयाकडे पाठ फिरवत आहे, असे ते म्हणाले. कोणाला मत द्यावे हे न सांगता, उमेदवारांची भूमिका तपासून मतदान करा असे त्यांनी सुचवले. त्या दोन मिनिटांची चर्चा देशभर झाली. तथापि त्यांच्या निवेदनात पहिल्या कायद्याला जागा नव्हती. हे त्यांच्यावर दोषारोप म्हणून म्हटलेले नाही. हवामान-निवेदकाच्या चौकटीत ऊन येते, पाऊस येतो, फार तर विम्याचा हप्ता येतो. मालक आणि मजूर येत नाहीत. त्या चौकटीची मर्यादा कोणत्याही एका माणसाच्या धैर्याने मोडत नाही.

चौकट कोणाच्या मालकीची, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. अमेरिकेतील बहुतेक स्थानिक केंद्रे आता मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात गेलेली आहेत. त्यांतील सिंक्लेअर या कंपनीच्या डझनावारी केंद्रांवरील निवेदक एकच मजकूर शब्दाला शब्द जुळवून वाचत असल्याचे दृश्य २०१८ मध्ये साऱ्या देशाने पाहिले. त्या मजकुराचा हवामानाशी संबंध नव्हता. परंतु पडद्यावरील ओळखीचा चेहरा बोलतो ते शब्द त्याचेच असतील अशी हमी नाही, हे त्याने उघडे पडले. जानेवारी २०२५ मध्ये, वेदर चॅनेलचीही मालकी असलेल्या ॲलन मीडिया समूहाने आपल्या सुमारे दोन डझन केंद्रांवरील स्थानिक हवामानतज्ज्ञ काढून टाकून अटलांटाहून सर्वांचे हवामान एकत्र सांगण्याचे ठरवले. प्रेक्षकांनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. वीस वर्षांच्या सहवासातून आलेला विश्वास कंपनीच्या जमाखर्चात केवळ एक खर्चाची बाब होता, हे मात्र दिसायचे ते दिसले.

याहून मोठी गोष्ट पडद्यामागे आहे. निवेदक खाजगी कंपनीचा. पण तो जे सांगतो ते जवळजवळ सारे सार्वजनिक असते. उपग्रह सरकारचे, रडार सरकारचे, रोज आकाशात सोडले जाणारे फुगे सरकारचे, आणि वादळाचा अधिकृत इशाराही राष्ट्रीय हवामान सेवेचा. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने नोकरकपातीची जी मोहीम काढली तीत या सेवेतील साडेपाचशेहून अधिक माणसे गेली. काही ठिकाणी फुगे सोडणे कमी झाले वा थांबले. नंतर काही शे जागा पुन्हा भरण्याची परवानगी द्यावी लागली, यावरून कपातीची अक्कल कळते.

जॉन मोरालेस हे मायामीतील चक्रीवादळांचे जाणकार निवेदक. घाबरवून न सोडणारा माणूस अशी त्यांची अनेक वर्षांची ख्याती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळाच्या केंद्रातील दाब दहा तासांत पन्नास मिलिबारने उतरल्याचे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला, तेव्हाच अनेकांना प्रसंगाचे गांभीर्य कळले. जून २०२५ मध्ये त्यांनी प्रेक्षकांसमोर कबुली दिली. २०१९ मध्ये डोरियन वादळ वळणार आहे, ते मायामीवर येणार नाही, असे त्यांनी खात्रीने सांगितले होते. तशी खात्री यंदा देता येईलच असे नाही, कारण फ्लॉरिडातील हवामान कार्यालयांत वीस ते चाळीस टक्के माणसे कमी आहेत. निवेदकाच्या विश्वासार्हतेविषयी इतके नेमके विधान कोणत्याही पाहणीत सापडणार नाही. तिचा बराचसा भाग सरकारी कार्यालयात रात्रपाळीला बसलेल्या, कधीही पडद्यावर न येणाऱ्या कर्मचाऱ्याचा आहे, हे त्याच माणसाने उघड्यावर सांगितले.

मग वाहिनी सार्वजनिक असली की प्रश्न सुटतो काय? फ्रान्सचे उदाहरण समाजवाद्यांना थोडे अवघड वाटेल असे आहे. तेथे समाजवादी पक्षाचे सरकार असताना, पॅरिस परिषदेच्या आदल्या वर्षी, परराष्ट्रमंत्री लॉरां फाबियस यांनी दूरचित्रवाणीवरील हवामान-निवेदकांना बोलावून आपल्या अंदाजांत हवामानातील उत्पाताचा उल्लेख करण्याचे आवाहन केले. फ्रान्स २ या सार्वजनिक वाहिनीचे हवामानप्रमुख फिलिप व्हेर्दिए यांना ते खटकले. त्यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये हवामान बदलाविषयीच्या प्रस्थापित मताला आव्हान देणारे पुस्तक काढले आणि वाहिनीने प्रथम त्यांना पडद्यावरून हटवले, मग नोकरीवरूनच काढले. व्हेर्दिए यांचे विज्ञान कच्चे होते. त्यांच्या पुस्तकाची पाठराखण करण्याचे कारण नाही. परंतु मंत्र्याने निवेदकाला शब्द सुचवणे आणि न मानणाऱ्याची नोकरी जाणे, यांतून तापमानवाढ नाकारणाऱ्यांना एक हुतात्मा मात्र आयता मिळाला. आयोवात धमकीपत्रांनी जे केले ते पॅरिसमध्ये बडतर्फीच्या पत्राने केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी दोहोंचे नाते अगदीच नाही असेही नाही.

त्याच देशात, २०१४ मध्येच, एव्हलीन देलिया या दुसऱ्या एका निवेदिकेने जागतिक हवामान संघटनेच्या उपक्रमासाठी १८ ऑगस्ट २०५० या कल्पित दिवसाचा अंदाज पडद्यावर सांगितला होता. देशाच्या मोठ्या भागात चाळीस अंशांचे आकडे पाहून प्रेक्षकांना ते अघटित वाटले. २८ जून २०१९ रोजी दक्षिण फ्रान्समधील व्हेरार्ग येथे ४६ अंश तापमान नोंदले गेले. आणि मार्च २०२३ मध्ये फ्रान्स २ ने हवामानाच्या नेहमीच्या भागाचे रूपच बदलले: रोज तापमानवाढीचा आकडा दाखवायचा आणि प्रेक्षकांच्या प्रश्नांना शास्त्रज्ञांकडून उत्तरे द्यायची. येथे निवेदकाला सर्वज्ञ बनवलेले नाही. जे त्याला ठाऊक नाही त्यासाठी जाणत्याला समोर आणले आहे. हा मार्ग फाबियस यांच्या आवाहनापेक्षा कितीतरी अधिक लोकशाहीचा म्हणावा लागेल.

काही डाव्या अभ्यासकांना ही सारी चर्चाच फोल वाटते. निवेदक हा मोटारी विकणाऱ्यांच्या दोन जाहिरातींमधला माणूस. त्याच्याकडून काय अपेक्षा करायची, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य आहे, पण अर्धेच. जिम गँडी यांच्या केंद्रावरही जाहिराती होत्याच, आणि तरी तेथील माणसाला आपल्या अंगणात काय बदलले ते कळले. त्याच्या शब्दाला किंमत आहे, ती त्याच्या गावच्या आकाशापुरती. तेथे तो साक्षीदार आहे. कारणांविषयी तो उत्तम वार्ताहर होऊ शकतो, जर त्याच्यामागे शाबूत वेधशाळा आणि त्याच्या हातात सुरक्षित नोकरी असेल. उपायांविषयी, म्हणजे किंमत कोणी मोजायची याविषयी, त्याला विचारणेच चूक. तेथे तो इतर नागरिकांइतकाच नागरिक आहे.

पुण्यात ‘सिमला ऑफिस’ हे नाव अजून चौकाला आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तेथे आले, त्याची ही खूण. १८७५ पासूनचे हे खाते सार्वजनिक आहे, आणि मराठी वाहिन्यांवरील निवेदक, कितीही आवेशाने हातवारे करीत असला तरी, मूळ आकडे त्याच खात्याचे वाचतो. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील आनंदगावच्या शेतकऱ्यांनी या खात्याविरुद्ध चक्क पोलिसांत तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरणी केली, पाऊस आला नाही, आणि खात्याचे बियाणे व औषधे विकणाऱ्यांशी संगनमत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. संगनमताच्या आरोपाला आधार होता असे म्हणता येत नाही. मात्र देशाच्या वा विभागाच्या सरासरीचा अंदाज आणि एका शिवारातील पेरणीचा निर्णय यांमधली फट कोणीतरी बुजवायला हवी होती, हे त्या तक्रारीत स्पष्ट दिसते.

ती बुजवण्याचा एक प्रयत्न २०१८ पासून सुरू होता. कृषी विज्ञान केंद्रांतून जिल्हा कृषी हवामान केंद्रे काढली गेली; देशभरात ती १९९ झाली. तालुक्यापुरता अंदाज घेऊन कापसाला पाणी द्यावे की थांबावे, फवारणी आज करावी की परवा, हे तेथील कंत्राटी तज्ज्ञ शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगत. गँडी जे कोलंबियात करीत होते त्याचाच हा गावठी आणि अधिक उपयोगी अवतार. मार्च २०२४ मध्ये ही केंद्रे बंद करण्यात आली आणि तेथील माणसे घरी गेली. मोकळी झालेली जागा रिकामी राहत नसते. भ्रमणध्वनीवरून छातीठोक अंदाज सांगणारे तेथे येऊन बसतात, आणि त्यांना पदवी विचारण्याची सोयही नाही.

उन्हाळ्यात दूरचित्रवाणीच्या पडद्याखाली एक ओळ फिरत असते: दुपारी बारा ते तीन या वेळात उन्हात जाणे टाळा. ज्याच्या घरात दूरचित्रवाणी दुपारी चालू आहे त्याला ती ठीक आहे. रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या, पाटी वाहणाऱ्या, ऊसतोडीचा कोयता चालवणाऱ्या माणसाला ती कशी पाळायची, हे निवेदक सांगत नाही, कारण ते त्याला कोणी विचारलेले नाही. मजुरांच्या संघटनांनी ते वाहिन्यांना, वेधशाळेला आणि कामगार आयुक्तांना एकाच पत्रात विचारावे. मागण्यांचा मसुदा नव्याने करण्याचीही गरज नाही. मायामीच्या मजुरांसाठी जो प्रस्ताव पुढे आला होता आणि जो कायद्याने गाडला गेला, तो दोन ओळींचा होता: कामाच्या जागी पाणी आणि सावली, आणि कडक उन्हाच्या दिवसांत दर दोन तासांनी दहा मिनिटांची विश्रांती.